मिरग लागला की ताप का वाढतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. आईंचं वय ६८, मधुमेह पंधरा वर्षांपासून. गेली तीन वर्षं जुलै-ऑगस्टमध्ये त्यांना ताप-खोकला होतो, एकदा तर न्यूमोनिया होऊन भरती करावं लागलं. जानेवारीत पुन्हा खोकला येतो, पण तो हलका. दर वेळी अँटिबायोटिक मिळतं. तुम्ही विचारता की हे खरंच ऋतूमुळे होतं, की ‘हवा बदलली ना’ हे डॉक्टरांचं ठेवणीतलं उत्तर आहे? फ्लूची लस ऑक्टोबरात घ्यावी असं तुम्ही वाचलंत, ते बरोबर का? आणि शेजारच्या वाड्यावरचा एक शेतकरी पावसात ‘साध्या तापाने’ गेला, तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होता म्हणतात. तर मग आईंना पावसात घराबाहेर पाठवावं की नाही?

मी याच पट्ट्यात सव्वीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो. ‘हवा बदलली’ हे मीही हजारदा म्हटलं असेन. ते अर्धं खरं आहे. हवा बदलते तशी माणसंही बदलतात. कुठे जातात, कशात हात घालतात, कुणाबरोबर दाटीवाटीने बसतात, अनवाणी असतात की चपला घालून, हे सगळं महिन्यागणिक बदलतं. जंतूंचा हंगाम बराचसा यातूनच ठरतो. म्हणून माझ्याकडे तापाचा पेशंट आला की मी थर्मामीटरच्या आधी विचारतो, ‘गेल्या पंधरा दिवसांत काय काय केलंत?’ लोकांना हा प्रश्न चौकशीखोर वाटतो. पण निम्मं निदान तिथेच होतं.

सुरुवात फ्लूपासून करू, कारण आईंचा जुलै तिथूनच सुरू होत असावा.

फ्लू म्हणजे थंडीचा आजार, हे आपण थंड देशांकडून उसनं घेतलेलं ज्ञान आहे. तिथे हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि माणसं बंद खोल्यांत राहतात. कोरड्या हवेत खोकल्यातले थेंब लवकर सुकून हलके होतात, तरंगत राहतात, आणि विषाणूही जास्त वेळ टिकतो. गोव्यात हवा कोरडी होतेच किती? डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा विसाच्या आसपास उतरला की आपण स्वेटर चढवतो आणि दुपारी घामाघूम होतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्टीत फ्लूचा मोठा हंगाम पावसाचा असतो. जूनअखेर तो डोकं वर काढतो, जुलै ते सप्टेंबर जोरात असतो.

यात आपण काही जगावेगळे नाही. भारतात इन्फ्लुएन्झाची नोंद ठेवणाऱ्या केंद्रांचं चित्र पाहिलंत तर श्रीनगरला शिखर जानेवारी ते मार्चमध्ये येतं, पुणे, नागपूर, कोलकाता अशा शहरांत ते पावसाळ्यात येतं, आणि चेन्नईत ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे सरकतं, कारण तिथला मुख्य पाऊसच त्या वेळचा. थंडीचा हिशेब लावला तर चेन्नईचं गणित सुटत नाही. पावसाचा लावला तर सुटतं.

पावसाने नेमकं काय होतं? खिडक्या बंद होतात. शाळा भरलेल्या असतात. डिचोली-पणजी बसच्या काचा वर चढतात, आत ओले रेनकोट आणि साठ माणसं. ढगांमुळे जंतू मारणारं ऊन कमी पडतं. घरात कपडे वाळत घातलेले, ओलीमुळे भिंतींना बुरशी, त्याने दम्याच्या माणसाची छाती आधीच चिडलेली. आणि मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मुंबई, पुणे, बेळगाव, कुठे कुठे पांगलेलं सगळं घर मूळ घरात एकत्र येतं. पंचवीस माणसं दोन दिवस एकाच पंगतीला. चवथीनंतर चौथ्या-पाचव्या दिवसापासून माझ्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर एकाच आडनावाची माणसं ओळीने बसलेली दिसतात. आधी नातवंडं, मग सून, शेवटी आजी. आजी येते तेव्हा तिला दमही लागलेला असतो.

दुसरी, लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये येते. ती दर वर्षी सारखी नसते. २०१५ च्या सुरुवातीला एच१एन१ देशभर पसरला तेव्हा ती मोठी होती, २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एच३एन२ ने खोकल्याचा कहर केला. एरवी आपल्याकडचा जानेवारीचा खोकला बराचसा साध्या सर्दीचे विषाणू, पूर्वेकडून येणारा कोरडा वारा, रस्त्यांची धूळ आणि जत्रांची गर्दी यांचा मिळून असतो. आईंचा हलका खोकला मला त्यातलाच वाटतो. त्याला अँटिबायोटिक लागलं असेल असं वाटत नाही.

आता लस. ऑक्टोबरात घ्या हा सल्ला इंग्लंड-अमेरिकेच्या हिवाळ्यासाठी आहे. लशीचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात आणि सहा महिन्यांनंतर तो उतरणीला लागतो. ऑक्टोबरात घेतलेली लस जुलैत, नेमकी आईंना हवी असते तेव्हा, थकलेली असते. आपल्यासाठी बरोबर वेळ एप्रिल-मे. फार तर मिरग लागायच्या आत. जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते विषाणू घ्यायचे हे वर्षातून दोनदा ठरवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असलो तरी मे महिन्यात घेताना बहुतेक वेळा दक्षिण गोलार्धाची लसच सर्वांत ताजी असते. दुकानदाराला बिनधास्त विचारा, ‘खोक्यावर कोणतं वर्ष आणि कोणता गोलार्ध लिहिलाय?’ मागच्या हंगामातली उरलेली लस स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर ऑगस्टमध्ये तुम्ही माझ्यावर रागवाल. लस घेऊनही आईंना सर्दी होईल. सर्दीचे विषाणू वेगळे, त्यांच्यावर ही लस चालत नाही. खऱ्या फ्लूपासूनही ती चांगल्या वर्षात साधारण निम्मं संरक्षण देते. मग कशाला घ्यायची? भरती व्हायची आणि न्यूमोनिया व्हायची शक्यता ती कमी करते म्हणून. ६८ वर्षांच्या मधुमेही बाईसाठी एवढं पुष्कळ झालं.

न्यूमोनियाचं बोलायचं तर इथे विषाणू आणि जिवाणू यांची जोडी समजून घ्यावी लागते. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढतो. त्या अस्तरावर बारीक केसांसारखी झाडणी असते, ती कफ वर ढकलत असते. झाडणी बंद पडली की घशात एरवी निमूट राहणारे न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू खाली फुप्फुसात उतरतात. १९१८ च्या साथीत जगभर जी माणसं मेली त्यांतली बहुतेक या दुसऱ्या हल्ल्याने, म्हणजे जिवाणूंच्या न्यूमोनियाने मेली, हे नंतर त्यांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या तुकड्यांवरून दिसून आलं. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. आज आहे, पण ते कधी द्यायचं ही खरी मेख आहे.

तापाची चाल बघा. फ्लूचा ताप तीन-चार दिवस राहतो, मग उतरतो, माणूस पेज मागतो, बरं वाटतं. आणि पाचव्या-सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप, छातीत एका बाजूला टोचणं, कफ घट्ट, धाप. ताप उतरून परत चढला तर तो दुसरा पाहुणा आहे असं समजा. तेव्हा एक्स-रे आणि अँटिबायोटिकला उशीर नको. उलट पहिल्या दिवशी नाक गळतंय, अंग मोडलंय, घसा खवखवतोय, अशा वेळी अॅझिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकची पट्टी उघडून काही साधत नाही. म्हाताऱ्या किंवा मधुमेही माणसाला फ्लू असेल तर त्या वेळी उपयोगी पडतं ते ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध, आणि तेही शक्यतो पहिल्या ४८ तासांत. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. पहिल्या दिवशी अँटिबायोटिक, पाचव्या दिवशी ‘आता फ्लूचं औषध देऊन बघू’.

कफ पिवळा झाला म्हणजे जिवाणू आले, हाही एक हट्टी समज. पिवळा रंग पांढऱ्या पेशींचा असतो, विषाणूच्या खोकल्यातही चौथ्या-पाचव्या दिवशी तो येतो. मी कफाच्या रंगापेक्षा श्वास मोजतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडमध्ये प्रत्येक घरी आलं होतं, ते टाकून दिलं नसेल तर सेल बदलून घ्या. ९४ च्या खाली गेलं, किंवा आई बसल्या जागी मिनिटाला चोवीस-पंचवीसपेक्षा जास्त श्वास घेत असतील, किंवा बोलणं असंबद्ध वाटलं, तर रात्र काढू नका. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येतोच असं नाही. ‘आज काही खात नाही, गप्प गप्प आहे’ एवढीच तक्रार कधी कधी असते.

लहान मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरात नातवंडं आहेत म्हणालात म्हणून दोन ओळी. दोन वर्षांखालच्या बाळांत आरएसव्ही नावाचा विषाणू छाती भरवतो. उत्तर भारतात तो हिवाळ्यातला, दक्षिणेकडे पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग. इथेही मोजणी महत्त्वाची. शांत बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरला, किंवा श्वास घेताना फासळ्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर लगेच डॉक्टरकडे. छातीवर कोमट तेल चोळायचं तर चोळा, बाळाला बरं वाटतं. नाकात मात्र तेल घालू नका.

आता शेजारच्या वाड्यावरचा ताप. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे माझी भूमिका एकदम उलटी होते. खोकल्याच्या पेशंटला अँटिबायोटिक नाकारणारा मी, जुलै ते नोव्हेंबरमध्ये खोकला-सर्दी नसलेला, चिखलातून किंवा रानातून आलेला ताप दिसला की रिपोर्टची वाट न बघता पहिल्याच दिवशी डॉक्सीसायक्लिन सुरू करतो. मूल, गरोदर बाई असेल तर त्यांना चालणारं दुसरं. माझा एक तरुण सहकारी मला म्हणाला होता, ‘सर, तुम्ही सकाळी एक बोलता आणि दुपारी दुसरं.’ खरं आहे. सकाळी आलेला शाळामास्तर होता, दुपारी आलेला शेतात तरवा लावून आला होता.

लेप्टोचा जंतू उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून पाण्यात-मातीत येतो. मे महिन्याच्या तापलेल्या कोरड्या मातीत तो तग धरत नाही. ओल्या, कोमट चिखलात मात्र आठवडेच्या आठवडे जगतो. म्हणजे पहिल्या सरीबरोबर साथ येत नाही. पाऊस मुरतो, उंदरांची बिळं पाण्याखाली जातात, माणसं शेतात उतरतात, जंतू शरीरात शिरतो, आणि मग साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप. म्हणून मोठ्या पावसानंतर दोन ते चार आठवड्यांनी आमच्याकडे गर्दी होते. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, आणि लेप्टोची साथ आली ती ऑगस्टमध्ये. आपल्याकडे सरदाची म्हणजे पावसाळी भाताची लावणी, रात्री टॉर्च घेऊन चढणीचे मासे धरणं, सांजांवाच्या सणाला जुन्या बांवीत (विहिरीत) मारलेल्या उड्या, हे सगळं जूनमध्ये. ताप जुलैत.

जंतू शिरतो कुठून? बहुतेक वेळा बोटांच्या बेचक्यांतून. पावसात सतत ओल्या राहिलेल्या पायांना चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, भेगाळते, खाज येते. आपण त्यावर तेल-हळद लावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरतो. लेप्टोला याहून सोपं दार नको. त्याच दारातून स्ट्रेप्टोकॉकसही शिरतो आणि पाय लाल, गरम, टम्म सुजतो. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या सुजलेल्या पायांपैकी बहुतेकांच्या बोटांच्या मधे बघितलं की चिखल्या सापडतात. मधुमेही असेल तर त्यांना दुखतही नाही.

लेप्टोचा ताप ओळखायचा कसा? डोकं आणि अंग ठणकतं हे सगळ्याच तापांत असतं. पण पोटरी नुसती दाबली तरी माणूस ओरडतो, पायऱ्या उतरताना भिंत धरतो. डोळे लाल होतात, पण चिपडं येत नाहीत. लघवी कमी किंवा गडद झाली, डोळ्यांत पिवळेपणा आला, खोकताना रक्त आलं, तर मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस आजाराच्या तावडीत सापडलंय. मग वाड्यावर थांबण्यात अर्थ नाही, सरळ बांबोळीचं सरकारी इस्पितळ. रक्ताच्या अँटिबॉडी तपासणीत पहिले पाच-सहा दिवस काहीच दिसत नाही. ‘लेप्टो निगेटिव्ह’ असा तिसऱ्या दिवशीचा कागद घेऊन सातव्या दिवशी कावीळ झालेली माणसं मी पाहिली आहेत. कागद खोटा नव्हता, तपासणी लवकर केली होती एवढंच.

आणखी एक गोंधळ प्लेटलेटचा. प्लेटलेट उतरल्या की घरचे, कधी कधी डॉक्टरही, डेंगीचा शिक्का मारतात आणि पपईची पानं शोधायला धावतात. डेंगी विषाणूचा, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. पण प्लेटलेट लेप्टोतही उतरतात, स्क्रब टायफसमध्येही. आणि हे दोन्ही काही रुपयांच्या गोळीने बरे होतात, वेळेत दिली तर.

स्क्रब टायफसची माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी चवथीनंतरच्या पंधरवड्यात चाळिशीतला एक माणूस आला. नऊ दिवस ताप. एका इस्पितळात पाच दिवस भारी इंजेक्शनं झाली होती, ताप हटला नव्हता. मी छाती तपासली, पोट दाबलं, रिपोर्ट चाळले, टायफॉईड धरून रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवलं आणि भरती केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर स्पंज करत होती. तिने हाक मारली, ‘डॉक्टर, हे बघितलंत?’ कमरेच्या करगोट्याखाली, अगदी दोरा घासतो त्या जागी, वाटाण्याएवढी काळी खपली. कडेने लालसर, सिगरेटचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, म्हणून त्यानेही सांगितलं नव्हतं. मग विचारलं तेव्हा कळलं, माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या मांडणीसाठी, कांगलां, माट्टुळिंगं अशी रानफळं शोधत तो दोन दिवस रानात फिरला होता. ओल्या झुडपांवर बसलेल्या माइट नावाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांच्या पिल्लांपासून हा आजार होतो. कपडे जिथे घट्ट बसतात तिथे ती चावतात. काख, जांघ, कंबर, स्तनांखाली. डॉक्सीसायक्लिन दिलं, दोन दिवसांत ताप गेला. आधीची भारी इंजेक्शनं या जंतूवर चालतच नाहीत, कारण तो पेशीच्या आत राहतो. तेव्हापासून पावसाळ्यात ताप घेऊन आलेल्या माणसाला मी करगोट्यापर्यंत तपासतो. लाजायचं कारण नाही, तुम्हीही घरी आरशात बघा. अळमी (रानातली अळंबी) काढायला जाणारे, चवथीच्या पत्री-फळांना जाणारे, गुरं चारणारे, गवत कापणारे यांनी परतल्यावर कपडे बाहेरच काढून गरम पाण्याने, साबणाने अंग घासून घ्यावं.

मधुमेहाशी ज्याचं खास वाकडं आहे असा तिसरा आजार मेलिओइडोसिस. नाव अवघड, पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, उडुपी-मणिपालपासून वर, तो पावसाळ्यात भेटतो. जंतू मातीतच असतो. जखमेतून, दूषित पाण्यातून, आणि वादळी पावसात उडणाऱ्या तुषारांतून श्वासावाटेही तो शिरतो. न्यूमोनिया, यकृतात किंवा प्लीहेत पू, न भरणारं गळू, अशी त्याची रूपं. छातीच्या एक्स-रेत तो क्षयासारखा दिसतो आणि कित्येकांना आधी टीबीच्या गोळ्या सुरू होतात. प्रयोगशाळेतही हा जंतू साधा स्यूडोमोनास म्हणून निसटू शकतो. नेहमीच्या न्यूमोनियाच्या औषधांना तो दाद देत नाही. निदान झालं तर किमान दहा-चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम आणि मग साधारण तीन महिने गोळ्या. आईंना पुन्हा कधी पावसाळ्यात न्यूमोनिया झाला आणि तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना हे नाव घेऊन विचारा आणि रक्ताचं, कफाचं कल्चर मागा. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घेतलेलं कल्चर सोन्याचं असतं, नंतर घेतलेल्याला ती किंमत उरत नाही.

माणसांच्या हालचालीवरून हंगाम कसा ठरतो याचं अलीकडचं उदाहरण दक्षिण गोव्यातल्या कुटबण मासेमारी जेटीचं. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. ऑगस्टमध्ये ट्रॉलर पाण्यात उतरतात, परराज्यांतले खलाशी परततात, बोटींवरच दाटीने राहतात. पिण्याचं पाणी आणि संडास दोन्हींची वानवा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिथे कॉलरा उफाळला, माणसं दगावली. पाऊस तर गोवाभर पडत होता. कॉलरा जेटीवर आला, कारण तिथलं राहणं तसं होतं.

आषाढात दर वर्षी कुणीतरी माशेलच्या चिखलकाल्याबद्दल, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवाबद्दल, विचारतं. मुलांना पाठवू का? पाठवा. धडधाकट मुलगा तास-दोन तास चिखलात लोळला आणि मग स्वच्छ न्हाला तर मला काळजी वाटत नाही. अंगावर उघडी जखम असेल, किंवा मधुमेही माणूस असेल, तर त्याने काठावरून बघावं.

उन्हाळा थोडक्यात उरकतो. मार्च ते मे कांजिण्या, गालफुगी. पाणी कमी प्यायल्याने लघवीचे जंतुसंसर्ग, विशेषतः बायकांना, कारण कामावर संडासाची सोय नसते म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मेअखेर विहिरी आटल्या, टँकर फिरू लागले की टायफॉईड आणि जुलाब. टायफॉईडसाठी पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर करावं. एकट्या विडाल तपासणीवर मी विसंबत नाही, ती इतर तापांतही पॉझिटिव्ह येते. आंबे खाऊन गळवं उठतात हे आमची आजीही सांगायची. आंब्याचा दोष नाही, आंब्याच्या दिवसांत घाम, घामोळं आणि खाजवणं असतं, त्यातून स्टॅफिलोकॉकस शिरतो. मधुमेह्याने आंबा बेताने खावा, पण कारण वेगळं. सत्तरी तालुक्यात काजूच्या दिवसांत रानातून आलेल्याला जोराचा ताप असेल तर माकडताप डोक्यात ठेवायचा. २०१५ पासून तो तिथे आहे. तो विषाणूचा, गोचिडीतून येणारा. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं.

तर आईंसाठी मी काय करीन? एप्रिलमध्ये फ्लूची लस. न्यूमोकॉकसची लस आतापर्यंत घेतली नसेल तर तीही. ती दर वर्षी घ्यायची नसते, कोणती आणि किती डोस हे तुमच्या डॉक्टरांनी पूर्वीचे कागद बघून ठरवावं. मे महिन्यातच एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून साखर ताळ्यावर आणावी, जुलैत ताप आल्यावर नाही. तापात साखर चढते, साखर चढली की जंतू माजतात, आणि हा फेरा पावसात तोडणं जड जातं. चवथीला मुंबईहून येणारं कुणी खोकत असेल तर त्याने आजीच्या खोलीत झोपू नये, आणि मास्क लावावा. कोविडमध्ये सगळ्यांनी लावला, आता एका सर्दीवाल्याने लावायला सगळ्यांना संकोच वाटतो. लेप्टो टाळायला द्यायची डॉक्सीसायक्लिनची आठवड्याची गोळी शेतात रोज उतरणाऱ्यांसाठी, पुरात अडकलेल्यांसाठी, तीही डॉक्टरांना विचारून. घरात असणाऱ्या आईंना ती नको. कषाय (काढा) द्यायचा तर द्या, पण गूळ न घालता.

आणि हो, त्यांना घरात कोंडू नका. तुळशीला पाणी घालायला, परसात अबोलीची फुलं काढायला जाऊ द्या. अनवाणी मात्र नको. पावसासाठी बंद टाचेची रबरी चप्पल घ्या, पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करा, चिखल्या दिसल्या तर हळद न थापता बुरशीचं मलम लावा. आणि चप्पल पायात घालायच्या आधी रोज आतून हात फिरवा. गेल्या पावसात एका मधुमेही बाईंच्या चपलेत सुपारीचा तुकडा दोन दिवस होता, त्यांना कळलंच नव्हतं.